पिलं उडेपर्यंत थांबता येत नाही?

आज दुपारी आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. वर्तमानपत्राच्या कागदावर काड्या, सुतळीचे तुकडे, प्लास्टिकच्या पट्ट्या, पिसं असा ढीग आणि त्याच्या कडेला साळुंकीची चार पिलं. डोळे मिटलेले, अंगावर पीस नाही, चोची उघड्या. खाली लिहिलं होतं, "बाथरूमचा एक्झॉस्ट अखेर साफ!" आणि त्याखाली अंगठ्यांची रांग.

मी कामावरून परत आले तेव्हा खालच्या झाडांपाशी जाऊन पाहिलं. कुणीतरी तो कागद तसाच तिथे नेऊन ठेवला होता. पिलं नव्हती. मांजर म्हणा, कावळा म्हणा, त्यांना मी दोष देत नाही.

माझा राग त्या अंगठ्यांवर आहे. त्यातली निम्मी माणसं मी ओळखते. २० मार्चला, जागतिक चिमणी दिनाला, हीच माणसं चिमण्यांचे फोटो टाकतात. गॅलरीत पाण्याचं भांडं ठेवतात. मनाने वाईट नाहीत, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच जास्त लागलं. चार जिवंत पिलं फोटोत दिसत असताना तुम्ही अंगठा कसा दाबता?

आमच्या स्वयंपाकघरातल्या चिमणीचा पाइप जिथे भिंतीबाहेर निघतो, तिथेही साळुंकीने घरटं केलं होतं. सकाळी ओट्यापाशी उभं राहिलं की आतून खरखर आणि चिवचिव ऐकू यायची, आणि धूर बाहेर जायचा बंद झाला होता. मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो शिडीवर चढला, मोबाइलचा टॉर्च आत मारला, क्षणभर पाहिलं आणि खाली उतरला. म्हणाला, "ताई, आत पिलं आहेत. मी आज हात लावणार नाही. उडाली की फोन करा, मग जाळीच मारून देतो." फेरीचे पैसेही घेतले नाहीत. रोज दहा घरी जाणारा माणूस, काम न करता शिडी उचलून निघून गेला. आज तो फोटो पाहिल्यापासून मला सारखा तोच आठवतोय.

किती थांबायचं असतं हो? साळुंकीची अंडी १७-१८ दिवसांत फुटतात आणि पिलं साधारण २२ ते २४ दिवसांत घरट्याबाहेर पडतात. चिमणीचं याहून लवकर उरकतं, उबवणं दीडेक आठवडा ते दोन आठवडे आणि पुढे पिलं उडायला जेमतेम दोन आठवडे. कबुतराला जरा वेळ लागतो, अंडी १७ ते १९ दिवस आणि पिलं चार आठवड्यांच्या आसपास. आणि आपल्याला आतून आवाज ऐकू येतो तो बहुतेक वेळा पिलांचाच, म्हणजे निम्मं काम तोवर झालेलं असतं. उरतात दोन-तीन आठवडे. एवढे दिवस एक पंखा बंद ठेवून खिडकी उघडली तर कुणाचं काय बिघडतं?

हो, मान्य. गॅस गीझर किंवा बॉयलरचा धूर बाहेर नेणारा पाइप असेल तर गोष्ट वेगळी आहे. तो तुंबला की कार्बन मोनॉक्साइड घरात साचतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं दुखायला लागतं, गरगरतं आणि माणूस तिथेच कोसळू शकतो. तिथे क्षणभरही चालढकल नको. पण तिथेसुद्धा पहिलं काम गीझर बंद करणं हे आहे. आंघोळीचं पाणी काही दिवस दुसरीकडे तापवता येतं. घरटं मग पक्ष्यांचं काम जाणणाऱ्या माणसाला किंवा बचाव संस्थेला बोलावून हलवता येतं. कपडे वाळवायच्या यंत्राच्या पाइपचंही तसंच. त्यात कपड्यांची लव, म्हणजे सुटलेले बारीक तंतू, साचते, वर सुक्या काड्या, आणि गरम हवा. आग लागते. यंत्र बंद ठेवा, कपडे दोरीवर वाळतात.

दम्याचा माणूस घरात असेल तर विष्ठेच्या धुळीचा त्रास होतो, हेही खरं. कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते, बुरशीचे आजार होऊ शकतात. हे मी नाकारत नाही. पण मग मला सांगा, आज ज्यांनी ते घरटं कोरडंच्या कोरडं ओढून काढलं, कागदावर झटकलं आणि फोटो काढला, त्यांनी किती धूळ नाकात घेतली असेल? आरोग्याची काळजी होती तर तोंडाला साधा रुमाल तरी बांधला होता का?

आमचा दुरुस्तीवाला परत आला (मी फोन केला तेव्हा दुसऱ्याच दिवशी आला) तेव्हा त्याने आधी पाहिलं ते आत पुन्हा अंडी तर नाहीत ना. कारण साळुंकी काय, चिमणी काय, एक वीण झाली की त्याच जागी दुसरी करतात, आणि कबुतरं तर पहिली पिलं पुरती उडायच्या आत पुढची अंडी घालतात. पिलं गेली आणि पुढची अंडी यायची आहेत, ती मधली वेळ साधायची असते. मग त्याने मास्क लावला, हातमोजे घातले, साबणाचं पाणी फवारून सगळं ओलं केलं आणि ओल्यातच काढून पिशवीत भरून तोंड बांधलं. झाडू नाही मारला. झाडूने धूळ उडते, व्हॅक्यूमने तर आणखीच. घरट्यात माइट्स नावाचे बारीक किडे असतात, पक्षी गेले की ते भुकेने घरात शिरतात आणि माणसांना चावतात, म्हणून रिकामं घरटं तसंच सोडून द्यायचं नाही हेही त्यानेच सांगितलं. पाइप आतून पुसून झाला आणि मग त्याने तोंडाशी जाळी लावली.

खरं तर आज हे सगळं लिहायचं कारण ही जाळीच आहे.

आज ज्यांनी घरटं काढलं, त्यांनी भोक तसंच सोडलंय! उघडं! मी खालून मान वर करून पाहिलं, भिंतीत काळं गोल भोक आणि त्याच्या कडेवर साळुंकीची जोडी. चार जीव गेले आणि जागा अजून मोकळीच आहे. याला साफसफाई म्हणायचं? "पक्षी कोणीही काढेल ताई, भोक बंद करणं हे काम आहे," असं तो शिडीवर उभा राहून म्हणाला होता. पक्ष्यांना हाकलायची सेवा देतो म्हणून जे येतात, पिशवी भरून नेतात आणि पुढच्या विणीला पुन्हा येतात, त्यांच्याकडून हे वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही.

आणि घरं बांधणारे? भिंतीला भोक पाडायचं, पंखा बसवायचा, बाहेरच्या बाजूला काहीच लावायचं नाही. ज्या दिवशी पंखा बसतो त्याच दिवशी बाहेरून झडपेचं झाकण बसलं पाहिजे. पंखा चालू झाला की पात्या उघडतात, बंद झाला की मिटतात. किंवा मग साधी जाळी. पक्ष्याला भिंतीतलं भोक दिसलं तर तो त्यात घर करणारच, चिमणी आणि साळुंकी मुळात पोकळीत घरटं करणारे पक्षी आहेत. जुन्या झाडांच्या ढोल्या आपण तोडल्या, जुन्या भिंतींच्या फटी आपण बुजवल्या. आता त्यांनी जायचं कुठे?

जाळीचं नीट सांगते, कारण इथेही लोक फसतात. गॅलरीला लावतात ती कबुतरांची नायलॉन जाळी ५० मिलिमीटरच्या चौकटीची असते. कबुतर त्यातून जात नाही, पण साळुंकी आणि चिमणी सहज जातात. साळुंकीला अडवायला २८ मिलिमीटर किंवा त्याहून लहान, चिमणीला १९ किंवा त्याहून लहान लागते. भिंतीतल्या भोकाला नायलॉन लावूच नका, खारी आणि उंदीर कुरतडतात. जस्ताचा लेप दिलेली किंवा स्टीलची, १२ मिलिमीटरच्या आसपासची कडक तारेची जाळी घ्या आणि ती चारी बाजूंनी स्क्रूने आवळा. पुढे वर्षानुवर्षं बघायला नको. फक्त स्वयंपाकघरातल्या पाइपची जाळी तेलकट होते, ती मधूनमधून काढून धुवावी लागते. आणि कपडे वाळवायच्या यंत्राच्या पाइपला जाळी अजिबात नको, लव अडकून तीच तुंबते. तिथे झडपेचं झाकणच.

फोम फवारून भोक बुजवणाऱ्यांबद्दल काय लिहू. आत पक्षी आहे की नाही हे न बघता फोम मारतात. दोन दिवस आतून पंखांचा आवाज येतो, मग येत नाही, मग वास येतो. चिकट जेलचं तेच, पिसं चिकटली की पक्षी उडू शकत नाही. हे विकायला परवानगी कशी मिळते हे मला कळत नाही. प्लास्टिकचं घुबड, चमकत्या पट्ट्या, जुन्या सीड्या यांनी निदान जीव तरी जात नाही, पण चार दिवसांत पक्षी त्यांना सरावतात. कबुतरं पकडून लांब नेऊन सोडली तर परत येतात, त्यांची ख्यातीच ती आहे.

कुणी म्हणेल, एवढ्या अडचणी माणसांच्या असताना तुला साळुंकीचं काय पडलंय. ठीक आहे, म्हणा. पण अनेक देशांनी हे कायद्यात लिहून ठेवलंय. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने वापरातलं घरटं जाणूनबुजून काढणं गुन्हा आहे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्यांना धक्का लावणं येतं. आमच्या दुरुस्तीवाल्याने यातलं काही वाचलं असेल असं मला वाटत नाही. त्याने टॉर्च मारला, पिलं पाहिली आणि उतरला.

थोडं शांत होऊन लिहिते, कारण इथे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी झरोक्यात आत्ता घरटं असेल. नुसत्या काड्या असतील, अंडी नसतील, तर आजच काढा आणि आजच जाळी लावा, यात कसलंही पाप नाही. अंडी किंवा पिलं असतील तर थांबा. शंका असेल तर लांब उभं राहून तासभर पाहा, आई-बाप चोचीत किडे घेऊन आत जात असतील तर पिलं आहेत. जाळी दिवसा लावा आणि आत कुणी नाही ना ते टॉर्चने बघूनच लावा, रात्री पक्षी आत झोपलेला असू शकतो. आणि चुकून पिलू खाली पडलं, अंगावर पीस नसेल, तर उचलून घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही. आज त्या चार पिलांना कुणी उचलून परत ठेवलं असतं तर ती जोडी पुन्हा भरवायला लागली असती. मी पाहिलं तेव्हा ती त्या भोकाच्या कडेवर बसूनच तर होती.

आत्ता अंधार पडायच्या आधी पुन्हा पाहिलं. नर की मादी कळत नाही, दोघं सारखीच दिसतात, पण एकाच्या चोचीत काडी होती. म्हणजे पुन्हा सुरू. माझ्याकडे त्या वेळची उरलेली जाळी आहे, स्क्रू आहेत. दुरुस्तीवाल्याला आत्ताच फोन केला, तो सकाळी शिडी घेऊन येतो म्हणालाय. उद्या कामावर जायच्या आधी मी घरटं काढणाऱ्यांच्या दाराची बेल वाजवणार आहे. भांडायला नाही. अंडं पडायच्या आत ते भोक बंद व्हायला हवं.