हरी हरी आणि बिनदुधाचा चहा

मुंबई ते कोलंबो विमान अडीच तासांचं आणि आमच्या पुण्याच्या घरापासून मुंबई एअरपोर्टला पोचायला लागले साडेपाच तास, त्यामुळे श्रीलंकेत उतरल्यावर सासूबाईंना परदेशात आल्यापेक्षा खोपोलीच्या ट्रॅफिकमधून सुटल्याचाच आनंद जास्त झाला होता.

आम्ही चौघं. मी, नवरा, आई आणि अण्णा, म्हणजे माझे सासूसासरे. अण्णा एसटीतून रिटायर्ड, मूळचे गुहागरचे. आता गुहागरच्या माणसाला समुद्र, नारळ, फणस आणि देवळं दाखवायला पैसे खर्चून विमानाने न्यायचं हे मला आधीच पटत नव्हतं, पण नवऱ्याने एक्सेल शीट केली होती आणि एकदा शीट झाली की आमच्या घरात चर्चा संपते. सात दिवस, अर्ध्या अर्ध्या तासाचे खाने, देवळं भगव्या रंगात, चहाचे मळे हिरव्या, समुद्र निळ्या. जेवणाला रंगच नव्हता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

एअरपोर्टवर पैसे बदलले, आपल्या एका रुपयाचे तिथले पावणेचारच्या आसपास. अण्णा एकदम श्रीमंत झाले. ही श्रीमंती बरोब्बर पाऊण तास टिकली, म्हणजे रस्त्यात शहाळं घेईपर्यंत. शहाळी तिथे केशरी रंगाची असतात, थंबिली म्हणतात. अण्णांनी एक घोट घेऊन जाहीर केलं, "आपल्यापेक्षा गोड नाही." पुढचे सात दिवस हे वाक्य फक्त नाम बदलून येत राहिलं.

ड्रायव्हर मात्र आईंना पहिल्या मिनिटाला आवडला. झालं असं की त्याला फोन आला आणि तो म्हणाला, "हरी हरी." समोरून काहीतरी बोलणं, परत हा "हरी हरी, हरी." आईंनी माझा दंड दाबला, "बघ गं किती देवभोळा, फोनवर पण नामस्मरण." दोन दिवस त्या प्रत्येक 'हरी हरी'ला मागच्या सीटवरून हात जोडत होत्या. तिसऱ्या दिवशी कळलं की सिंहलीत 'हरी' म्हणजे बरं, ठीकाय. म्हणजे तो नुसता "हो हो, चालेल चालेल" म्हणत होता. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, असू दे, त्याला कळत नसलं तरी पुण्य मिळतंच ना.

सिगिरिया. जंगलातून दोनेकशे मीटर सरळ वर आलेला कातळ, बाराशेच्या आसपास पायऱ्या. तिकिटाच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवला की सार्कवाल्यांना सवलत मिळते, आणि आमचे पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये, कारण शीटमध्ये 'मौल्यवान वस्तू लॉकरमध्ये ठेवणे' अशी ओळ होती. फुल तिकीट! डॉलरमध्ये! अण्णांनी तोंड बंद ठेवलं, पण ते ज्या पद्धतीने बंद ठेवलं ते चारचौघांना ऐकू आलं.

तिथली गोष्ट अशी की पाचव्या शतकात कश्यप नावाच्या राजाने बापाला मारून गादी घेतली, भाऊ मोग्गलान पळून हिंदुस्थानात गेला, आणि तो परत येईल या भीतीने कश्यपाने ह्या कातळावर राजवाडा बांधला. अण्णा लगेच म्हणाले, "म्हणजे भावकीचाच वाद. आमच्याकडे वरच्या आळीत असंच आहे, फक्त डोंगर नाही." अर्ध्या वाटेवर सिंहाचे दोन प्रचंड पंजे आहेत दगडात, तिथपर्यंत अण्णा आले आणि पंजाशेजारी बैठक मारून म्हणाले, मी १९७४ साली रायगड चढलोय, मला सिद्ध करायचं काही नाही, या तुम्ही जाऊन. वर गांधीलमाश्यांची पोळी आहेत म्हणून आवाज करू नका असे बोर्ड लावलेत. बोर्ड वाचून आई मोठ्याने म्हणाल्या, "काय लिहिलंय गं?"

वर पोचल्यावर वारा, हिरवंगार जंगल, राजाचा तलाव, सगळं खरंच भारी होतं पण माझ्या फोटोत फक्त माझा लाल चेहरा आलाय.

नवऱ्याने दांबुल्ला टाकलं होतं साडेबाराला. भर दुपारी. दांबुल्लाची गुहामंदिरं म्हणजे टेकडी चढायची, वर चपला काढायच्या, आणि मग उघड्या कातळावरून अनवाणी गुहांपर्यंत. कातळ काळा. तापलेला. आम्ही चौघं ज्या प्रकारे ते अंतर पार करत होतो त्याला चालणं म्हणत नाहीत, दहीहंडीत गरम पाणी ओतल्यावर गोविंदा करतील तसं काहीतरी ते होतं. शेजारून एक जर्मन की डच आजी पांढरे पायमोजे घालून शांतपणे निघून गेल्या. पायमोजे चालतात! हे शीटमध्ये नव्हतं. माकडांनी तेवढ्यात आईंच्या पिशवीतले मेथीचे खाकरे नेले, अख्खं पाकीट, आणि झाडावर बसून आमच्यासमोर खाल्ले.

आत मात्र गार. पाच गुहा, दीडशेच्या वर मूर्ती, छत आख्खं रंगवलेलं, आणि पहिल्याच गुहेत चौदा-एक मीटरचा आडवा बुद्ध, एकाच दगडातला. इसवी सनाच्या आधी पहिल्या शतकात वलगंबा राजा शत्रूपासून लपायला इथे राहिला होता म्हणे. दुसऱ्या गुहेत आईंना विष्णू सापडला. त्यानंतर त्या एकदम निवांत, जणू परक्या गावात माहेरचं कोणी भेटलं. बुद्धाकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाही हा तिथला कडक नियम, त्यामुळे आमच्या फोटोंत आम्ही सगळे जरा तिरके उभे आहोत.

कँडीला दंतमंदिर, बुद्धाचा दात. तिथे गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, आणि मी घातलेला स्लीव्हलेस कुर्ता. बाहेर कापडं विकणारी एक बाई माझ्याकडे बघून जोरात ओरडली, "नंगी! नंगी!" मी जागच्या जागी थिजले. स्लीव्हलेस आहे मान्य, पण एवढं? नवरा दुसरीकडे बघायला लागला, आई म्हणाल्या मी तुला निघताना ओढणी घे म्हणलं होतं. ती बाई अजूनच प्रेमाने, हातात कापड घेऊन, "नंगी, नंगी, कम!" शेवटी ड्रायव्हर हसत हसत म्हणाला, मॅडम, नंगी म्हणजे धाकटी बहीण. मी चाळिशीची आहे. तिने धाकटी म्हणलं. मी दोन कापडं घेतली, भाव न करता.

आत संध्याकाळच्या पूजेला ढोल सुरू झाले आणि गर्दी पंढरपूरसारखी. दार उघडतं, रांग सरकते, लांबून सोन्याचा करंडक दिसतो न दिसतो तोवर मागचा माणूस तुम्हाला पुढे नेतो. दात दिसत नाहीच, तो एकात एक अशा करंडकांच्या आत. चौथ्या शतकात कलिंगाची राजकन्या हेमामाला हा दात केसांत लपवून इथे घेऊन आली अशी कथा आहे, ती आईंना फार पटली, "अंबाड्यात काय वाट्टेल ते मावतं, मी कानातले आणलेत ना." आणलेच होते.

जेवणाचं सांगायलाच हवं. आई पूर्ण शाकाहारी. भात, फणसाची भाजी, डाळ, नारळाची लालभडक चटणी, सगळं आपलंच वाटतं, आणि सगळ्यात उंबलकड, म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा पडलेला असू शकतो. वेटरला विचारलं यात फिश आहे का. "नो फिश मॅडम, नो फिश. ओन्ली मालदीव फिश." आईंनी चार दिवस दहीभात खाल्ला, तो मात्र चविष्ट, मडक्यातलं म्हशीचं दही आणि वर माडाच्या गुळासारखा काकवीचा धागा.

मग ती फेमस ट्रेन, कँडी ते नानुओया. इन्स्टावर पोरी दारात लटकून केस उडवतात ती. आम्हाला रिझर्वेशन मिळालं नव्हतं, उभ्याने चार तास. पण गाडीत एक माणूस टोपली घेऊन "वडे वडे वडे" ओरडत आला आणि अण्णांचे डोळे भरून यायचे बाकी राहिले. डाळवडेच होते, सोबत तळलेली लाल मिरची. नंतर एक गोरा मुलगा दारातून जवळजवळ पूर्ण बाहेर लटकून फोटो काढायला लागला तर अण्णा खड्या आवाजात, मराठीत, "ए! आत सरका! आत सरका पुढे!" तो आत आला. डब्यातली अजून तीन माणसं पण पुढे सरकली. चाळीस वर्षांची सर्व्हिस अशी वाया जात नाही.

नुवारा एलिया थंड, कुडकुडायला झालं, स्वेटर नव्हते कारण शीटमध्ये वरती 'उष्ण कटिबंध' लिहिलं होतं. जवळच सीता एलियाला सीता अम्मनचं देऊळ, अशोकवाटिका तीच असं मानतात, ओढ्याकाठी हनुमानाची पावलं. आई तिथे बराच वेळ काही न बोलता बसल्या, मी पण नाही बोलले.

चहाची फॅक्टरी. आधी हा देश कॉफी पिकवायचा, त्यावर तांबेरा पडला आणि कॉफी बसली, तोवर जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने १८६७ मध्ये १९ एकरांवर चहा लावून ठेवलेला होता. डोंगर उतरणीवर पानं खुडणाऱ्या बायका तमिळ, त्यांच्या पूर्वजांना इंग्रजांनी इकडून नेलं. हे गाईड मुलगी सांगत होती, आणि मग पानं कशी रात्रभर वाऱ्यावर सुकवतात, मळतात, आंबवतात, भाजतात, चाळतात. चाळणीतून वर राहतं ते मोठं पान, आणि सगळ्यात खाली उरतो तो डस्ट. अण्णांनी विचारलं, आम्ही पितो तो कुठला? तिने फार हळू आवाजात सांगितलं. डस्ट.

मग टेस्टिंग. पांढऱ्या कपात सोनेरी चहा, दूध नाही साखर नाही. ती म्हणाली आधी सुगंध घ्या. आईंनी पर्स उघडली, झिपलॉकमधली दुधाची पावडर काढली, मग आल्याचा तुकडा, मग चमचा. मुलीचा चेहरा असा झाला की कोणीतरी हापूसवर सॉस ओतला. आई ढवळत म्हणाल्या, "आता लागेल चहासारखा."

मिरिसाला शेवटचे दोन दिवस. नवऱ्याने आठवडाभर ज्याची वाट बघितली तो किनारा, ती आरामखुर्ची, ती थंडगार बिअर. आणि त्या दिवशी होता पोया. दर पौर्णिमेला तिथे सरकारी सुट्टी आणि दारू विक्री बंद. वेटर दिलगीर होऊन म्हणाला "टुडे पोया सर," आणि समोर एवढा मोठा चंद्र. नवरा त्या चंद्राकडे ज्या नजरेने बघत होता त्या नजरेने त्याने माझ्याकडे लग्नानंतर बघितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बोटीतून निळा देवमासा बघायला गेलो, मला तीनदा उलटी झाली, देवमाशाची शेपटी वर आली तेव्हा मी पिशवीत तोंड घालून होते. अण्णा बोटीच्या टोकाला ताठ उभे. म्हणाले, "हां. हा आमच्याकडे नाही."

येताना आम्ही सहा किलो चहा आणला, सगळा मोठ्या पानाचा, उत्तम. घरी नेहमीसारखं दूधपाणी एकत्र उकळून केला तर रंगच येईना, पांढरट कोमट काहीतरी. आता आई रोज कोपऱ्यावरच्या वाण्याकडून डस्ट आणतात. पावणेसहा किलो शिल्लक आहे, नात्यात कुणाचं लग्न असेल तर सांगा.