मागे फिरायचं कोण म्हणणार?

शहर पायी बघायचे बेत नेहमी छपराखाली ठरतात. अंगावर कोरडे कपडे, डोक्यावर पंखा आणि पाय समोरच्या खुर्चीवर टाकलेले असले की बारा किलोमीटर म्हणजे किरकोळ वाटतात. आमच्यातही तसंच झालं. गाडीतून शहर कळत नाही, गल्ल्या तळपायांनी वाचायच्या असतात, वगैरे. हे सगळं ज्याने ऐकवलं, त्याला एक मजला खाली उतरायलाही लिफ्टची वाट बघत उभं राहिलेलं मी पाहिलेलं आहे.

आदल्या रात्री हवामानाचा अंदाज बघितला होता. पावसाची शक्यता चाळीस टक्के. आमच्यातल्या आशावादी मित्राने लगेच हिशोब मांडला: म्हणजे कोरडं राहण्याचे साठ टक्के, आणि साठ म्हणजे फर्स्ट क्लास! मी सांगून बघितलं की बाबा, अशी हवा दहा वेळा असली तर त्यातल्या चार वेळा पाऊस येतो, आणि त्या चारांतली एक वेळ आपलीही असू शकते. "तू ना, फार निगेटिव्ह आहेस," एवढंच उत्तर मिळालं. शिवाय पडला तरी चाळीस टक्केच पडेल, असाही एक सूर निघाला.

पहिले थेंब पडले तेव्हा आमच्या लावलेल्या गाड्या मागे वळून बघितलं तर दिसत होत्या. सहाही जणांनी आधी आभाळाकडे बघितलं, मग एकमेकांकडे. आशावादी म्हणाला, "काही नाही रे, नुसती सर आहे, जाईल." यावर कोणीतरी नाही म्हणेल म्हणून मी थांबलो. बाकीचे बहुधा माझ्यासाठी थांबले होते. मग चाललो.

सहा जणांत छत्र्या दोन, रेनकोट एक. एक छत्री दोघांत वाटून घेणं हे मैत्रीचं लक्षण मानतात. छत्री ज्याची असते तो मानतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. मीटरभर व्यासाच्या छत्रीवर तासाला दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर तासाभरात तिच्यावर आठेक लिटर पाणी येतं. ते काही नाहीसं होत नाही, आठ काड्यांच्या टोकांवरून खाली उतरतं. म्हणजे काडीला एक लिटर. दांडा मालकाच्या छातीसमोर असल्यामुळे माझ्या वाट्याला दोन काड्या आल्या होत्या. एक उजव्या खांद्यावर, आणि दुसरी बरोबर मान आणि कॉलर यांच्या मधल्या फटीत. उघड्यावर चाललो असतो तर तोच पाऊस अंगभर विभागून पडला असता. इथे तो गोळा करून एका जागी सोडला जात होता. थेंब मणक्यामणक्यावरून खाली उतरताना मोजता येत होता. अधूनमधून मालक विचारायचा, "भिजत नाहीयेस ना?"

"नाही रे, छे!" मी म्हणायचो.

वाऱ्याचं गणित आणखी निराळं. उंच इमारतींवर वरचा जोरदार वारा आपटतो, भिंतीवरून खाली उतरतो आणि कोपऱ्यावरून वेगाने निसटतो. त्यामुळे सरळ रस्त्यावर जी झुळूक असते ती वळणावर थोबाडीत बसते. वाऱ्याचा जोर मोजायला १८०५ साली ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टने जहाजांसाठी एक मापनश्रेणी केली. पुढे तिला जमिनीवरच्या खुणाही जोडल्या गेल्या. सहाव्या पायरीची, म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर वाऱ्याची, एक खूण अशी दिलेली आहे की छत्री सांभाळणं कठीण जातं. सातव्या पायरीला वाऱ्याच्या विरुद्ध चालणं जड जातं. आमची दुसरी छत्री सहाव्या पायरीवर कामी आली. जिची होती त्या मैत्रिणीने ती उलटीची सुलटी करायला म्हणून ओढली, तेव्हा दोन काड्या हातात आल्या. उरलेला सापळा तिने टाकला नाही. वाद घालताना समोरच्यावर रोखायला तो नंतर दिवसभर उपयोगी पडला.

मग एका बंद दुकानाच्या शेडखाली थांबलो आणि विषय निघाला की पावसात पळावं की चालावं. आमच्यात एक इंजिनिअर आहे. रेनकोट त्याचाच. त्याने सांगितलं की डोक्यावर किती पाणी पडणार हे आपण किती वेळ पावसात आहोत त्यावर ठरतं, आणि समोरून किती लागणार हे किती अंतर कापतो त्यावर. अंतर तर कमी होत नाही, वेळ कमी करता येतो, म्हणून पळावं. वारा पाठीमागून असेल तर त्याच्याच वेगाने पळावं, म्हणजे पुढून-मागून काही लागतच नाही. हे सगळं त्याने शटरवरच्या धुळीत बोटाने आकृती काढून, बाण दाखवून समजावलं. शेड फूटभरच पुढे आलेली होती. आकृती पूर्ण होईपर्यंत आम्ही गुडघ्यापर्यंत भिजलो. पटलं मात्र सगळ्यांना. पळालं कोणीच नाही.

बूट भिजणं हा प्रकार वाटतो तितका अचानक होत नाही. आधी टाचेकडे गार लागतं. नुसतं गार आहे, ओलं नाही, असं माणूस बराच वेळ स्वतःला बजावतो. मग केव्हातरी अंगठ्यापाशी मोजा सरकतो, बोटांच्या बेचक्यात त्याची घडी होऊन बसते, आणि पुढच्या पावलाला 'पच्' असा आवाज येतो. त्या आवाजापर्यंत माणूस डबकी चुकवत, उड्या मारत जातो. त्यानंतर सरळ डबक्यातून चालतो, आणि खरं सांगायचं तर तेवढीच काय ती दिवसातली मजा. एक मित्र कोरे करकरीत पांढरे बूट घालून आला होता. त्याच्या उड्या सगळ्यात जास्त वेळ चालल्या. बघवत नव्हतं.

आता वाटाड्या. प्रत्येक कंपूत एकाला सगळे जवळचे रस्ते माहीत असतात. आमच्या वाटाड्याच्या हातात फोन होता. फोनच्या पडद्याला बोट कळतं ते विद्युतभारातल्या बदलामुळे, आणि पाण्यातूनही वीज जात असल्याने थेंबालाही तो बोटच समजतो. म्हणजे आमचा नकाशा पाऊस चालवत होता. तो आपोआप मोठा व्हायचा, लहान व्हायचा, एकदा तर थेट समुद्रात गेला. पडदा पुसायला सहा जणांत मिळून एक कोरडा रुमाल निघेना. रेनकोटवाल्याने मोठ्या मनाने आतल्या शर्टाचं टोक पुढे केलं, तर तेही ओलंचिंब. पाऊस बाहेर राहिला होता, घाम आत.

त्यात उंच इमारतींमध्ये उपग्रहांचे संकेत भिंतींवरून उसळून उशिरा पोचतात, आणि नकाशावरचा आपला निळा ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन उभा राहतो. आपण या रस्त्यावर, ठिपका त्या रस्त्यावर, आणि वाटाड्याची निष्ठा ठिपक्याशी.

"आपण त्या गल्लीत आहोत."

"अरे, पण समोर पाटी आहे या रस्त्याची."

"पाटी जुनी असेल."

यावर कोणी काय बोलणार? आम्ही ठिपक्याच्या मागे गेलो. डावीकडे, मग उजवीकडे, मग एका बोळातून तिरके होऊन. जवळच्या रस्त्याने अर्धा तास चालल्यावर एक शेड दिसली. तिच्याखाली शटर होतं, आणि शटरवर बाणांसकट आकृती.

तरीही 'परत जाऊ या' कोणी म्हटलं नाही. १९७४ साली जेरी हार्वी नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने या रोगाचं वर्णन करून ठेवलेलं आहे. टेक्सासमधलं त्यांचं कुटुंब, रणरणती दुपार, घरात सगळे निवांत बसलेले. सासरे म्हणतात, ॲबिलीनला जेवायला जाऊ या. ॲबिलीन ५३ मैलांवर, गाडीत एसी नाही, वाटेत धुळीचं वादळ. चौघंही हो म्हणतात, जातात, भाजून परत येतात. मग कळतं की जायचं कोणालाच नव्हतं, खुद्द सासऱ्यांनाही नाही. बाकीच्यांना कंटाळा आला असेल म्हणून त्यांनी आपलं सुचवून बघितलं होतं. तेव्हापासून याला ॲबिलीन विरोधाभास म्हणतात. मी हे चालता चालता सांगितलं. सगळ्यांना फार आवडलं. "लोक कसे असतात ना!" असं म्हणत आम्ही पुढचा चौक ओलांडला.

बसथांब्यावर बस उभी होती. सहाही जणांचा वेग एकदम कमी झाला. बुटाची नाडी बांधायला दोघं खाली वाकले. त्यातल्या एकाच्या बुटाला नाडी नव्हती. कोणी काही बोललं नाही. आणि मग आशावादी, सकाळपासून 'थांबेल, थांबेल' म्हणणारा, मान खाली घालून सरळ बसमध्ये चढला. उरलेले पाच जण दारात अडकलो, इतकी घाई झाली.

आत बसल्यावर तोंडं उघडली. पांढऱ्या बुटांना पहिल्या चौकातच परतायचं होतं. इंजिनिअरला शेडखाली. छत्रीच्या मालकाला तर घरूनच निघायचं नव्हतं, पण मी उत्साहात दिसलो म्हणून तो आला. मी! दोन लिटर पाणी पाठीवर घेऊन मी उत्साहात दिसलो! "मग बोलला का नाहीस?" "तू बोलला असतास तर मी बोललो असतो." मैत्रिणीने सापळा उगारला. आधी कोणी बोलायला हवं होतं यावर अशी काही खणाखणी झाली, की ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि पुढच्या सीटवरचे एक काका जागा बदलून मागे गेले. वादाचा निकाल लागायच्या आत गाड्या लावल्या होत्या तो थांबा मागे गेला. एक नाही, दोन थांबे.

उतरलो. पाऊस होताच. वाटाड्याने फोन काढला, बाहीला पुसला, चारी दिशांना फिरवला आणि म्हणाला, "इथून एक जवळचा रस्ता आहे."

"नाही!" पाचही जण एकदम ओरडलो. दिवसभरात पहिल्यांदाच.

तो एकटा त्या रस्त्याने गेला आणि आमच्या वीस मिनिटं आधी गाड्यांपाशी पोचला, असं तो सांगतो.