हिरव्या दोऱ्याचा डाव

दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला आम्ही आठ-दहा जण कुणा एकाच्या घरी जेवायला जमतो. नेदरलँड्समधल्या द हेगमध्ये राहून मला अकरा वर्षं झाली, त्यातली सहा वर्षं ही पंगत चालू आहे. अट एवढीच, की त्या दिवशी घरी जे होणार होतं तेच आणायचं. पाहुण्यांसाठी म्हणून वेगळं काही करायचं नाही. त्यामुळे टेबलावर पीठ पेरून केलेली मेथी असते, आंबट वरण असतं, कधी नुसतीच मुगाची खिचडी आणि भाजलेला पापड. आम्ही सगळी खाण्यावर जीव असलेली माणसं, आणि अशा माणसांना दुसऱ्याच्या घरचं साधं वरण कसं लागतं याचीच जास्त ओढ असते. सणाच्या जेवणात सगळी घरं सारखीच दिसतात. रोजच्या जेवणात घर कळतं. मोहरी किती तडतडू देतात, गूळ घालतात की साखर, आमसूल की चिंच, सगळं कळतं.

शेजारची डच बाई या पंगतीत पहिल्यापासून आहे. ती स्टॅम्पपॉट आणते, म्हणजे उकडून कुस्करलेला बटाटा आणि त्यात शिजवलेला केल या कोबीच्या जातीच्या भाजीचा पाला. पहिल्यांदा आणला तेव्हा माझ्या नवऱ्याने तिला विचारून त्यावर लसूण आणि लाल मिरचीची फोडणी ओतली. चर्र आवाज झाला तशी ती खुर्चीवरून उठून बघायला आली. आता ती पातेल्याचा अर्धा भाग फोडणीसाठी म्हणून राखून ठेवते.

आणि आमची सांगलीची जैन मैत्रीण. ती पहिल्यांदा आली ती स्वतःचा वाढायचा डाव घेऊन, दांड्याला हिरव्या लोकरीचा दोरा बांधलेला. म्हणाली, "हा माझ्या पातेल्यातच राहू दे हं, बाकी मला काही अडचण नाही." त्याच टेबलावर मी तिरफळं घालून केलेलं मॅकरेलचं तिखलं होतं. मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, तो इथे शेवेनिंगनच्या बंदरावर मिळतो. मी झाकण ठेवलं आणि पातेलं दुसऱ्या टोकाला नेलं, ती खिडकीजवळ बसली. पुढच्या मंगळवारी आमच्या तीन डावांना हिरवा दोरा लागलेला होता, तिने काही न सांगता. ती सूर्यास्तानंतर जेवत नाही. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा प्रश्न येत नाही. डिसेंबरात मात्र साडेचारलाच सूर्य मावळतो. म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेली की आमची मंगळवारची पंगत रविवारी दुपारी अडीचला बसते. एका माणसासाठी बाकी सगळ्यांनी वार बदलला आणि आजवर कुणी कुरकुर केलेली नाही.

हे सगळं आज लिहावंसं वाटलं ते डोंबिवलीहून आलेल्या दादाच्या फोनमुळे. त्यांच्या सोसायटीत कोजागिरीला गच्चीवर जेवण असतं, प्रत्येक घराने एकेक पदार्थ करून आणायचा. वहिनीचा मसालेभात दरवर्षी ठरलेला. या वेळी बैठकीत कुणीतरी म्हणालं, ज्या घरात मासे शिजतात तिथली भांडी गच्चीवर नकोत. थोडी वादावादी झाली आणि शेवटी ठरलं की सगळंच जेवण बाहेरून मागवायचं. म्हणजे कुणाचंच मन दुखायला नको. वहिनी फोनवर फार बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्या दादाच्या लग्नाआधीपासून त्या पातेल्यात फक्त भातच होतोय गं."

या वादाला मोठं कुटुंब आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेने 15 ऑगस्ट 2025 ला मांसविक्रीची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला, तेव्हा आगरी-कोळी समाज चिडला आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीही अशी बंदी योग्य नाही असं सांगितलं. त्याआधी 2023 मध्ये आयआयटी मुंबईच्या एका वसतिगृहात 'इथे फक्त शाकाहारींनी बसावं' अशा पाट्या लागल्या, पुढे काही टेबलं रीतसर राखून ठेवली गेली आणि तिथे बसून निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला 10,000 रुपये दंड झाला. मुंबईत घर भाड्याने घेताना 'नॉनव्हेज खाता का' हा प्रश्न मला स्वतःला दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा खरं उत्तर दिल्यावर घर गेलं.

शाकाहारी माणसाची बाजू मला खोटी वाटत नाही. मांसाच्या वासाने खरंच मळमळतं, माझ्या सासूबाईंना मासळीबाजाराच्या कडेने जाववत नाही आणि त्यांच्या श्रद्धेला मी कधी हसले नाही. पण शेजारी बसलेल्या माणसाने मागितलेली सोय वेगळी आणि भिंतीवर लावलेली पाटी वेगळी, असं माझं ठाम मत आहे. सोय मागणारा टेबलावर येऊन बसतो. डाव वेगळा ठेवा म्हणतो, झाकण ठेवा म्हणतो, आणि त्याच्यासाठी ते करताना आपल्यालाही बरं वाटतं. पाटी मात्र माणूस यायच्या आधीच त्याची जागा ठरवून टाकते. त्याला काही विचारत नाही, त्यालाही काही विचारू देत नाही. सोसायटीच्या त्या बैठकीत एकाही घराने वहिनीला विचारलं नाही, की तुमचं भाताचं पातेलं वेगळं असतं का हो?

आपल्याकडे एकत्र खाण्याला केवढी किंमत मोजली गेली आहे! 1849 च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी जातिभेद मोडण्यासाठी परमहंस सभा काढली. सभेत येणाऱ्याला ख्रिस्ती भटाऱ्याने भाजलेला पाव खावा लागे. तो सगळा कारभार गुप्तपणे चाले, कारण पावाच्या एका तुकड्याने माणूस जातीबाहेर पडत असे. 1890 मध्ये पुण्यात ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतली म्हणून रानडे आणि टिळकांसकट मोठमोठ्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा वाद, आलं, प्रायश्चित्तं झाली. तोच पाव आज वड्याभोवती गुंडाळून सगळा महाराष्ट्र उभ्या उभ्या खातो. एवढं अंतर आपण चालून आलो, आणि आता एका मसालेभाताच्या पातेल्यापाशी थांबायचं?

इकडे सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. द हेगमध्येही एका घरमालकाने मला 'मसाल्याचं रोज शिजवणार का' असं विचारून घर नाकारलं. मुंबईत माशांचा वास नको होता, इथे फोडणीचा. अपमान दोन्हीकडे तितकाच लागला. शिवाय डच माणसाच्या घरी जेवायला जायचं तर आधी तारीख ठरवायची, डायरीत लिहायची. संध्याकाळी सहाला त्यांचं जेवण असतं आणि तुम्ही पाचला सहज डोकावला असाल तर सहाच्या आत निघायचं हे ठरलेलं. दुपारचं जेवण म्हणजे पाव आणि चीज, तेही ऑफिसात दहा मिनिटांत. इथे तुम्ही काय खाता याबद्दल कुणी नाक मुरडत नाही, पण तुम्ही जेवलात का, हेही कुणी विचारत नाही. पहिल्या वर्षी मला ताप आला होता तेव्हा हा न विचारलेला प्रश्न मला फार जाणवला. 'जेवूनच जा' हे वाक्य ज्या भाषेत इतकं सहज येतं, त्या भाषेतली माणसं भांड्यांवरून वाद घालतात याचं म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

महिन्यातून एकदा आम्ही बाहेर खातो, बहुतेक वेळा पॉल क्रूगरलानवर. या रस्त्यावर सुरिनामी हिंदुस्तान्यांची दुकानं आहेत. सुरिनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेतली तेव्हाची डच वसाहत. 1873 मध्ये 'लल्ला रुख' हे जहाज कलकत्त्याहून गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले, मजूर घेऊन सुरिनामला पोचलं आणि 1916 पर्यंत 34,000 हून अधिक माणसं तशी गेली, बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली. 1975 मध्ये सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास त्यांच्यातले पुष्कळ जण नेदरलँड्समध्ये आले. त्यांची रोटी आली की आम्ही गप्प होतो. पातळ, आत डाळीचा थर असलेली, सोबत मसाल्यातली कोंबडी, बटाटा, उकडलेलं अंडं आणि चवळीच्या शेंगांची भाजी. बारा नावाचा त्यांचा वडा उडदाचाच, त्यात अळूसारखा पाला चिरून घातलेला. चटणीत बुडवून तोंडात टाकला की घरच्या उडीदवड्याची आठवण येते.

आमच्यातल्या एकाचे पूर्वज अशाच एका जहाजातून गेले. तो सांगतो, त्याच्या आजीच्या घरात 'जहाजी भाई' या नात्याला सख्ख्या भावाइतका मान होता. तीन महिन्यांच्या प्रवासात सगळ्यांचं एकाच भटारखान्यात शिजायचं, जात सांभाळणं शक्यच नव्हतं. एकत्र जेवलेल्या त्या माणसांनी पुढे एकमेकांच्या मुलांची लग्नं लावली. हे सांगताना तो ताटातल्या रोटीचा तुकडा तोडून माझ्या पानात ठेवतो, प्रत्येक वेळी.

बिलाबद्दलही सांगायला हवं. इथली रीत म्हणजे प्रत्येकाने आपापली थाळी मागवायची आणि नंतर फोनवर आपापल्या हिश्श्याची मागणी यायची, कधी अडीच युरोचीसुद्धा. त्यात हिशेब चोख राहतो, मैत्रीत पैशाचं ओझं होत नाही, हे मला पटतं. कॉलेजात आपणही टीटीएमएम, म्हणजे 'तुझं तू माझं मी', करायचोच. पण आमच्या गटाने दुसरी रीत धरली आहे : थाळ्या मध्ये ठेवायच्या, सगळ्यांनी सगळं चाखायचं आणि बिल एकाने द्यायचं, पुढच्या महिन्यात दुसऱ्याने. डच शेजारणीला सुरुवातीला हे अवघड गेलं. गेल्या महिन्यात तिची पाळी होती. तिने बिल दिलं आणि उरलेले दोन बारे माझ्या मुलासाठी कागदात बांधून घेतले.

दादाचा परवा पुन्हा फोन आला. कोजागिरी झाली, बाहेरून आलेलं पनीर अर्धं उरलं. वहिनीने मात्र येत्या रविवारी मजल्यावरच्या दोन घरांना जेवायला बोलावलंय. त्यातल्या एका घरातल्या काकू बैठकीत तसली भांडी नकोत या बाजूने बोलल्या होत्या. वहिनी स्वतः त्यांच्या दारात गेली आणि काय चालेल, काय नाही, सगळं विचारून आली. काकू येणार आहेत. भाजी-आमटी नव्या पातेल्यात होईल. दादाने मला विचारलं, डावाला दोरा कसला बांधता? मी सांगितलं, लोकरीचा, दुहेरी, घासताना सुटणार नाही अशी गाठ मार. आणि पोळ्या वहिनीने काकूंकडूनच मागितल्या आहेत, बारा.