टेंगूळ नसलेला पेशंट

रविवारी संध्याकाळी पोहे करताना मोहरीची पुडी खाली पडली. ती उचलून उठलो, तर वरच्या कपाटाचं उघडं दार थेट टाळूत बसलं. दार मीच उघडं टाकलं होतं, त्यामुळे शिव्या द्यायलाही कोणी नव्हतं. आईला फोन केला, तर तिचं निदान तयार: "मोबाइल बघत असशील!"

सोमवारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी टेंगूळ दाबून पाहिलं, डोळ्यांत टॉर्च मारली, सरळ रेषेत चालवलं.

"आज वार कोणता?"

"सोमवार असावा. पोटात गोळा आलाय."

मग ते गंभीर झाले. पुन्हापुन्हा उलट्या, जीभ अडखळणं, आकडी, हलवूनही जाग न येणं, यातलं काही दिसलं तर रात्रीचे बारा वाजलेले असोत, तडक मोठ्या हॉस्पिटलात जायचं. नाहीतर दोन दिवसांनी एक कागद भरून आणायचा. कागद म्हणजे डोक्याला मार बसल्यावरच्या तक्रारी मोजणारी रिव्हरमीडची प्रश्नावली, ऑक्सफर्डच्या मंडळींनी १९९५ साली प्रसिद्ध केलेली. त्यात मागच्या चोवीस तासांतल्या सोळा तक्रारी, आणि प्रत्येकीला ० ते ४ गुण.

बुधवारी सकाळी भरायला बसलो आणि हातपाय गार पडले. डोकेदुखी? आहे. थकवा? उठल्यापासून. झोपेची बोंब? रात्री दोनपर्यंत रील्स. चिडचिड? नव्वद सेकंदांच्या सिग्नलला मागचा माणूस एकोणनव्वदाव्या सेकंदाला हॉर्न मारतो, तेव्हा होते ती चिडचिडच ना? आवाज सहन न होणं? ऐन सीझनमध्ये ढोल-ताशा पथकाच्या सरावाशेजारी राहणाऱ्याला हे विचारणं म्हणजे जखमेवर मीठ. विसरभोळेपणा तर काय सांगावा! आदल्याच दिवशी गॅस बंद केलाय का ते बघायला तीन मजले चढलो. गॅस बंद होता. खाली येऊन गाडीला किक मारली, तेव्हा कळलं की फोन ओट्यावर राहिलाय. विचार करायला वेळ लागणं? बाबा "पुढे काय ठरवलंयस?" म्हणाले की मिनिटभर लागतोच. एकाच गोष्टीच्या दोन दिसणं, इथे मात्र प्रामाणिकपणे शून्य टाकलं. पगार एकच दिसतो.

बेरीज अडतीस. माझा मेंदू कामातून गेला, असं मी जाहीर केलं.

रूममेटने कागद ओढून घेतला आणि मोबाइलवर फोटो काढून स्वतःचे गुण मांडायला लागला. या माणसाचं डोकं गेल्या कित्येक वर्षांत कशावरही आपटलेलं नाही, पुस्तकावरसुद्धा नाही. त्याची बेरीज आली पंचेचाळीस.

"अरे, मला कधी लागलं?" तो टाळू चाचपत म्हणाला.

दोघंही दवाखान्यात हजर झालो. डॉक्टरांनी माझा कागद बघून कपाळाला हात लावला. "अहो, वर लिहिलेलं वाचलंत का? आपटण्याआधीच्या तुलनेत सांगायचंय. १ म्हणजे त्रास पूर्वीइतकाच. आणि तो १ बेरजेत धरायचा नाही." मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "ही लक्षणं काही फक्त डोक्याला मार लागल्याची नाहीत. अपुरी झोप, ताण, उपाशीपोटी काम, कशानेही होतात. डोक्याला धक्काही न लागलेल्या धडधाकट पोरांना ही यादी द्या, खुणांनी भरून परत येते. म्हणून तर आधी काय होतं ते विचारायचं."

मी पुन्हा भरायला घेतलं. थकवा, १. चिडचिड, १. विसरभोळेपणा, शाळेपासून, १. टेंगळाच्या जागी दुखत होतं तेवढ्याला २. बेरीज दोन. अडतीसवरून दोनवर येऊनही मला फसवल्यासारखं वाटत होतं.

"आणि माझं?" रूममेटने फोन पुढे केला.

"तुम्हाला कधी लागलं?"

"नाही लागलं."

"मग आधीचं आणि नंतरचं कसं ठरवायचं?"

म्हणजे पंचेचाळीस गुण मिळवूनही पठ्ठ्या पेशंट म्हणून नापास! परतताना तो अख्ख्या रस्त्यात गप्प होता. रात्री पाणी प्यायला उठलो, तर हा स्वयंपाकघरात वरच्या कपाटाचं दार उघडून त्याच्या कोपऱ्यावरून विचारपूर्वक बोट फिरवत होता.

मी काही न बोलता दार लावून घेतलं.