ग्रहण, मध-सैंधव आणि उशिरा येणारे दात

यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावगटांवर सध्या एक मेसेज फिरतोय. दातांच्या शिबिरांत लोक तो मला मोबाइलवर दाखवतात. सार असं: लेकराची जीभ बाहेर राहते, नाक बसकं आहे, वर्ष उलटलं तरी दात नाही, म्हणजे मायने ग्रहण पाळलं नाही. उपाय काय, तर कॅल्शियमची बाटली द्या, हिरड्यांना मध-सैंधव चोळा, जिभेखालचा पडदा कापून घ्या. थायरॉइडची गोळी मात्र देऊ नका, सवय लागते. उशिरा दात येणारं पोरगं भाग्याचं, वाट पाहा.

आधी ग्रहण. अशी लक्षणं डाऊन सिंड्रोम या जन्मजात स्थितीची किंवा जन्मजात थायरॉइड कमी असल्याची असू शकतात. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या (पेशीतल्या आनुवंशिक गुण वाहणाऱ्या धाग्याच्या) दोनऐवजी तीन प्रती असतात, हे १९५९ साली फ्रान्समध्ये जेरोम लेज्यून आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. ही जादा प्रत बहुतेक वेळा बीज तयार होतानाच येते, गर्भ राहण्याच्याही आधी. मग पाचव्या महिन्यात सुनेने विळी हातात घेतली होती का, याची चौकशी कशाला?

जिभेचं म्हणाल तर डाऊनमध्ये वरचा जबडा लहान राहतो, तोंडाचे स्नायू सैल असतात. जीभ बहुधा नेहमीएवढीच असते, जागा अपुरी पडते. पडदा कापून जागा वाढत नाही.

जन्मजात थायरॉइड कमी असलेल्या बाळाची जीभ मात्र खरोखर जाड होते. चेहरा सुजल्यासारखा, रडणं घोगरं, कावीळ लांबलेली, शी कडक, बेंबी फुगलेली. हाडांच्या वाढीला थायरॉइड या गळ्यातल्या ग्रंथीचं संप्रेरक (हॉर्मोन) लागतंच. ते नसलं की जबडे मागे पडतात, दुधाचे दात उशिरा येतात आणि पडायलाही उशीर करतात. पण अशी बहुतेक बाळं जन्मताना धडधाकट दिसतात. चेहऱ्यावर कळेपर्यंत मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असतं, आणि ते मागाहून भरून निघत नाही. म्हणून तिसऱ्या ते पाचव्या दिवशी टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, तपासतात. दोष निघाला तर पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू व्हायला हवी. मेसेजमधल्या सगळ्या सल्ल्यांत मला वाट पाहण्याचा सल्ला सगळ्यात घातक वाटतो.

सवयीचा प्रश्न येतोच कुठे? ग्रंथी जे बनवत नाही, तेच गोळीतून मिळतं. ती चुरून चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात द्यायची. कॅल्शियमची बाटली सोबत पाजली तर औषध नीट शोषलं जात नाही, चार तासांचं अंतर हवं. बाकी कॅल्शियमने दात लवकर बाहेर येत नाहीत.

वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको, बोट्युलिझमचा (जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा) धोका असतो. सैंधवात थायरॉइडला लागणारं पुरेसं आयोडीन नसतं. खाण्याचं बिनआयोडीनचं मीठ विकायला २००६ पासून देशात बंदी आहे, ती उगाच नाही. गरोदर बाईच्या ताटात तर आयोडीनचंच मीठ हवं.

नुसता दात उशिरा आला म्हणून घाबरायचं कारण नाही. वर्षाच्या आसपास पहिला दात आला तरी ठीक. दीड वर्षात एकही नसेल तर दाखवा. लवकर दात आले म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. टर्नर सिंड्रोमच्या (एक्स गुणसूत्राची एक प्रत नसलेल्या किंवा अपुरी असलेल्या) मुलींत टाळू अरुंद, खालचा जबडा लहान, पण कायमच्या दाढा कधीकधी वेळेआधी येतात.

मेसेजच्या शेवटी 'अशा पोरांचे दात किडत नाहीत, डॉक्टर कशाला' असंही आहे. डाऊनच्या मुलांत कीड कमी आढळते, एवढं खरं. पण हिरड्यांचा आजार लवकर आणि जोरात होतो; न किडलेले दात तरुणपणीच हलायला लागतात. घासून द्यायला मोठं माणूस हवं, आणि सहा महिन्यांनी तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं असतं; तेव्हा लेकराला घरी ठेवू नका. दात काढायची वेळ आलीच तर आधी हृदयाची तपासणी झाली आहे का ते डॉक्टरांना सांगा. डाऊनच्या साधारण निम्म्या मुलांना हृदयाचा जन्मदोष असतो. आठवडी बाजारातल्या दात काढणाऱ्याला हे माहीत नसतं.