लाल कोळी ही कोळ्याची पिल्लं नव्हेत

"वांग्यावर लाल कोळी दिसला की शेतातले सगळे कोळी मारा, ती त्यांचीच पिल्लं आहेत," असा मेसेज शेतकऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो वाचून माझ्या मामाने वांग्यावर सायपरमेथ्रीन हे कीटकनाशक मारलं, म्हणून लिहितोय. लाल कोळी म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड, जाळं विणून शिकार करणारा कोळी वेगळा.

आधी पिल्लांचं. कोळ्याचं पिल्लू अंड्यातून आठ पाय घेऊनच बाहेर येतं. अंगाचे दोन भाग, मध्ये बारीक कंबर. लाल कोळीचं पिल्लू सहा पायांचं. कात टाकल्यावर आठ होतात, आणि कंबर कधीच येत नाही. पूर्ण वाढलेली मादीसुद्धा जेमतेम अर्धा मिलिमीटर. पान उलटं करून भिंग लावा, शिरेलगत गोल, काचेसारखी, सुटी अंडी दिसतील. कोळी अंडी रेशमाच्या पिशवीत ठेवतो. एवढंही न बघता मेसेज पुढे ढकलायचा?

"दोघांचं जाळं एकच," असंही ग्रुपवर म्हणतात. नाही. कोळ्याचा धागा पोटाच्या टोकातून निघतो, लाल कोळीचा तोंडाजवळून.

"शास्त्रज्ञांनाच झाडं खाणारा कोळी सापडलाय." हे खरं आहे, मान्य. बघीरा किपलिंगी हे त्या कोळ्याचं नाव, २००९ साली 'करंट बायॉलॉजी'त त्यावर शोधनिबंध आला. पण तो राहतो मेक्सिको-कोस्टा रिकात. बाभळीच्या कुळातल्या झाडांच्या पानटोकांना मुंग्यांसाठी येणारे पौष्टिक दाणे तो पळवतो. कोळ्यांच्या ५० हजारांवर जातींतली ही एक, तीही पानाचा रस शोषत नाही. त्यावरून आपल्या वांग्यातले कोळी मारायचे?

आठ पाय दोघांना आहेत, तसे विंचवालाही आहेत.

खरं नुकसान फवारणीने होतं. सायपरमेथ्रीनने काटेरी पायांचे ऑक्सिओपस कोळी मरतात, लाल कोळी खाणाऱ्या, तिच्यासारख्याच बारीक मित्रकोळी आणि बारीक भुंगेरेही मरतात. लाल कोळी मात्र तगते, आणि तिशीच्या तापमानात आठवड्याभरात तिची नवी पिढी तयार होते. मामाच्या वांग्याची खालची पानं आता तांबूस पडलीत, जाळी शेंड्यापर्यंत चढलीय. मोठे कोळी एकटे लाल कोळी आवरत नाहीत, हेही खरं. पण तुडतुडे आणि पतंग तेच खातात.

लाल कोळीला कोळीनाशकच लागतं, आणि ते पानाच्या खालच्या बाजूला पोचलं पाहिजे. घेताना लेबलवर वांगं आणि लाल कोळी दोन्ही लिहिलंय का, ते वाचा.