अधिकारी बदलला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न

बालसंरक्षणात बदल घडवणाऱ्या अधिकाऱ्यांना साथ द्या, हे तुमच्याकडच्या एका लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. मी बीड जिल्ह्यात शिक्षक होतो. दसरा-दिवाळीला माणसं ऊसतोडीला गेली की गाव रिकामं व्हायचं. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवरा-बायको मिळून, म्हणजे एका कोयत्याला. वयात आलेली लेक मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीनंच कितीतरी लग्नं कमी वयात लागली.

आमच्या मुख्याध्यापकांनी हंगामी वसतिगृह जीव ओतून चालवलं. मुली गावातच राहिल्या, शिकल्या. पण अनुदान यायचं हंगाम सरता सरता. किराणा उधारीवर, सही सरांची. दुकानदार दारात उभा राहिला तेव्हा त्यांच्या पाठीशी कुणी नव्हतं, आम्हीसुद्धा पुरेसे नव्हतो. ही सल अजून जात नाही.

ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. त्यानं लग्न थांबवायचं आणि त्याच गावात नांदायचंही! सरपंच, पोलीस पाटील सोबत उभे राहिले तरच हे जमतं. मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ क्रमांकावर फोन करणाऱ्याचं नाव गावात फुटलं, तर पुढच्या वेळी कोण फोन लावणार?

संकटातल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीची मुदत जास्तीत जास्त 3 वर्षं. प्रकरणं समजेपर्यंत निम्मी सरते. नव्या सदस्यांना जुन्यांसोबत काही महिने बसू द्या, वसतिगृहाचा पैसा ऑक्टोबरआधी द्या, आणि बालगृहातून 18 व्या वर्षी बाहेर पडलेल्या पोरांनाही बालसंरक्षणाच्या बैठकांना बोलवा. कुठं काय अडतं ते त्यांना विचारा.